व्हिसा होता, तिकीट होतं, तरी विमान सुटलं: कोरोनाकाळात सीमेवर नेमकं काय तपासलं जात होतं?

सप्टेंबर २०२१ ची गोष्ट. माझा आतेभाऊ एमएस्सीसाठी ब्रिटनला निघाला होता. रात्री जेवणं उरकून नशिराबादहून गाडी निघाली, सकाळी मुंबई गाठली. जवळ पासपोर्ट, स्टुडंट व्हिसा, तिकीट, विद्यापीठाचं पत्र, कोविशिल्डच्या दोन डोसचं सर्टिफिकेट आणि जळगावच्या एका लॅबमधून आदल्या दिवशी केलेल्या आरटी-पीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट. फाईल इतकी जाड की ती बॅगेत बसेना.

चेक-इन काउंटरवर त्याला थांबवलं. रिपोर्टवरचं आडनाव पासपोर्टशी जुळत नव्हतं आणि रिपोर्टवर पासपोर्ट नंबरही नव्हता. आडनाव चौधरी. आता खान्देशात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. इंग्रजीत लिहिताना कुणी 'सीएच' नंतर 'एयू' लिहितो, कुणी 'ओयू'. शेवटी कुणी 'आय' लावतो, कुणी 'वाय'. म्हणजे एकाच गल्लीत एकाच आडनावाची चार स्पेलिंगं. लॅबमधल्या मुलाने त्याच्या सवयीचं स्पेलिंग टाकलं होतं. लॅबला फोन केला, तर उत्तर आलं की पोर्टलवरची नोंद बदलावी लागेल, आज होणार नाही. काउंटर बंद झालं आणि विमान गेलं.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. तिचा प्रश्न एकच होता: "व्हिसा तर आहे ना पोराजवळ? मग अडवलं कोणी?"

प्रश्न साधा वाटतो, पण कोरोनाच्या दोन-अडीच वर्षांत जगभरच्या लाखो प्रवाशांना हाच पडला होता. आज हे नियम उठले आहेत. पण त्या काळात सीमेवरची तपासणी कागदावरून डेटावर गेली, ती काही परत मागे आलेली नाही. म्हणून आत्याच्या प्रश्नाचं उत्तर जरा नीट बघू.

पत्रिका वाटल्या, पण मांडवात ५० च माणसं

व्हिसा म्हणजे आत जाण्याची हमी, असं आपण धरून चालतो. तसं ते कधीच नव्हतं. व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारापर्यंत येण्याची परवानगी. दारात आल्यावर आत घ्यायचं की नाही हे तिथला इमिग्रेशन अधिकारी ठरवतो, आणि तो त्या दिवशी लागू असलेल्या प्रवेशाच्या नियमांवरून ठरवतो. एरवी हे दोन्ही एकमेकांना इतके चिकटलेले असतात की फरक जाणवत नाही.

२०२० सालची लग्नं आठवा. पत्रिका हजार छापल्या, वाटूनही झाल्या, आणि हुकूम आला की मांडवात ५० च माणसं. तुमच्या हातातली पत्रिका खोटी ठरली नव्हती, फक्त दारावरचा नियम बदलला होता. व्हिसाचंही तेच झालं.

भारताने स्वतः हेच केलं. ११ मार्च २०२० ला सरकारने जाहीर केलं की आधी दिलेले जवळजवळ सगळे व्हिसा १५ एप्रिलपर्यंत स्थगित. राजनैतिक, सरकारी, आंतरराष्ट्रीय संस्थांचे, नोकरीचे आणि प्रोजेक्टचे व्हिसा तेवढे वगळले. हुकूम १३ मार्चला लागू झाला. पुढे २२ मार्चपासून बाहेरून येणारी प्रवासी विमानंच बंद केली, आणि नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा पुन्हा सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. मधल्या काळात 'वंदे भारत'ची विमानं होती (७ मे २०२० पासून), आणि जुलै २०२० पासून निरनिराळ्या देशांशी केलेले 'एअर बबल' करार होते.

या सगळ्यात सर्वांत जास्त पोळले ते ओसीआय कार्डवाले. ओसीआय म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड. नावात 'सिटिझन' शब्द असला तरी हे नागरिकत्व नाही, आयुष्यभर चालणारा व्हिसा आहे. ११ मार्चच्या त्याच हुकुमात ओसीआयची व्हिसाशिवाय येण्याची सवलतही गोठवली होती. मग असं झालं की आई-वडील भारतीय पासपोर्टवाले, नोकरी गेलेली, अमेरिकेत राहायची मुदत संपत आलेली, 'वंदे भारत'च्या विमानात जागा मिळालेली, आणि त्यांचं तिथे जन्मलेलं तान्हं बाळ मात्र अमेरिकी नागरिक. आई-वडिलांना प्रवेश आहे, बाळाला नाही! अशा बातम्या मे महिन्यात आल्या. २२ मे २०२० ला गृह मंत्रालयाने काही गटांना सूट दिली: भारतीय आई-बापांची परदेशात जन्मलेली लहान मुलं, घरात मृत्यूसारखी अडचण आलेले, नवरा-बायकोंपैकी एक भारतीय आणि घर भारतात असलेले, आणि पालक भारतात राहणारे भारतीय नागरिक असलेले ओसीआय विद्यार्थी.

सर्व ओसीआयधारकांना मोकळीक मिळायला २२ ऑक्टोबर २०२० उजाडला. त्या दिवशी पर्यटन, ई-व्हिसा आणि वैद्यकीय सोडून बाकीचे स्थगित व्हिसाही जिवंत झाले. पर्यटकांसाठी दार उघडलं ते १५ नोव्हेंबर २०२१ ला, आणि त्याआधी महिनाभर फक्त चार्टर विमानांनी येणाऱ्यांसाठी. जुने पाच वर्षांचे ई-टुरिस्ट व्हिसा मार्च २०२२ मध्ये पुन्हा चालू झाले. दोन वर्षं ते पासपोर्टच्या आत मुदतीत होते, पण उपयोगाचे नव्हते.

उलट जे परदेशी पाहुणे भारतात अडकले त्यांच्या व्हिसाची मुदत सरकार पुनःपुन्हा वाढवत गेलं, ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत. म्हणजे बाहेरच्याचा व्हिसा चालू असून बंद, आणि आतल्याचा संपला असून चालू.

मग अडवलं कोणी?

आतेभावाला ब्रिटनच्या सरकारने अडवलं नाही. भारताच्या इमिग्रेशननेही नाही, तिथपर्यंत तो पोचलाच नव्हता. त्याला अडवलं विमान कंपनीच्या काउंटरने.

हे का होतं? कागदपत्रं पुरी नसलेला प्रवासी नेला, तर तो देश विमान कंपनीला दंड करतो, आणि त्या माणसाला परत आणायचा खर्चही कंपनीच्याच डोक्यावर येतो. त्यामुळे दुसऱ्या देशाच्या सीमेचं पहिलं दार आपल्याच विमानतळावर, चेक-इनच्या रांगेत असतं. आणि तिथे बसलेली पंचविशीतली मुलगी काही १९० देशांचे नियम पाठ करून आलेली नसते. ती बघते तिच्यासमोरच्या स्क्रीनवर.

त्या स्क्रीनच्या मागे असते 'टिमॅटिक' नावाची यंत्रणा. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा ती चालवते, आणि कोरोनाच्या कितीतरी आधीपासून चालवते. प्रवाशाचं नागरिकत्व, कुठून कुठे, मध्ये कुठे थांबा, व्हिसा कोणता, एवढं टाकलं की लागणारी कागदपत्रं दिसतात. एरवी हे नियम हळूहळू बदलतात. कोरोनात ते आठवड्याला, कधी दिवसाला बदलत होते. ब्रिटनचंच बघा: २३ एप्रिल २०२१ ला भारत 'रेड लिस्ट'मध्ये, म्हणजे तिथले नागरिक आणि रहिवासी सोडून प्रवेश बंद, आणि त्यांनाही दहा दिवस सरकारने ठरवलेल्या हॉटेलात स्वखर्चाने क्वारंटाइन, एकट्या माणसाला १,७५० पौंड. ८ ऑगस्टला भारत 'अंबर'मध्ये आला, म्हणजे घरी क्वारंटाइन चालेल. चार दिवसांनी रेड लिस्टवाल्यांचं हॉटेल २,२८५ पौंडांवर गेलं. ४ ऑक्टोबरपासून रंगांची पद्धतच बदलली. अशा वेळी काउंटरवरचा माणूस शंका आली की 'नाही' म्हणतो. चूक झाली तर भुर्दंड कंपनीला, आणि 'नाही' म्हटलं तर नुकसान प्रवाशाचं.

ब्रिटनचा त्या वेळचा नियम होता की चाचणीच्या रिपोर्टवरचं नाव प्रवासाच्या कागदपत्रांशी जुळलं पाहिजे. काउंटरवरच्या मुलीने नियमाप्रमाणेच केलं. तेव्हा आम्हाला तिचा राग आला होता, हे खरं.

पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळी

आता स्पेलिंगचा एवढा बाऊ का, हे समजायला पासपोर्टचं फोटो असलेलं पान उघडा. खाली दोन ओळी दिसतील, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या, मध्ये मध्ये कोनासारखी चिन्हं भरलेल्या. याला मशीनने वाचायचा भाग म्हणतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने ठरवलेलं हे मानक आहे, आणि बहुतेक सगळ्या देशांच्या पासपोर्टवर ते असतं.

पहिल्या ओळीत देशाचा कोड, मग आडनाव, मग दोन कोन, मग बाकीचं नाव. दुसऱ्या ओळीत पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, मुदत वगैरे. गंमत अशी की दुसऱ्या ओळीतल्या या तिन्ही गोष्टींच्या मागे एकेक तपासणीचा आकडा असतो. प्रत्येक अक्षर-आकड्याची किंमत ओळीने ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ अशी गुणायची, बेरीज करायची, १० ने भागायचं आणि उरलेली बाकी तिथे लिहायची. कुणी एक आकडा चुकीचा वाचला किंवा खोडून बदलला, तर बाकी जुळत नाही आणि मशीन ओरडतं.

पण नावाच्या मागे असा आकडा नाही. नाव जुळतंय की नाही हे शेवटी माणसाच्या डोळ्यांवर किंवा अक्षराला अक्षर लावून बघणाऱ्या सॉफ्टवेअरवर.

आणि तिथेच आपली मराठी नावं अडकतात. या दोन ओळींना फक्त इंग्रजी २६ अक्षरं, ० ते ९ आकडे आणि तो कोन एवढंच कळतं. देवनागरीत 'चौधरी' एकाच प्रकारे लिहिलं जातं, पण शाळेने एक स्पेलिंग केलं, आधारच्या केंद्रावर दुसरं झालं, बँकेत तिसरं. त्यात आपली तीन भागांची पद्धत: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुतेक वेळा शेवटी, आणि पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, वडिलांचं नाव आपल्या नावाला जोडून. लग्न झालेल्या बाईचं तर विचारूच नका, तिच्याकडे माहेरच्या आणि सासरच्या नावांचे कागद निम्मे निम्मे असतात. आपल्याकडे माणूस ओळखीचा असतो, त्यामुळे चालून जातं. तलाठी आप्पांना माहीत असतं की हे तेच घर. मशीनला माहीत नसतं.

लसीच्या क्यूआर कोडमध्ये काय होतं?

आता वळू लसीच्या सर्टिफिकेटकडे, कारण खरा आंतरराष्ट्रीय गोंधळ तिथे झाला.

लस घेतल्याचा दाखला दाखवून देशात शिरायची पद्धत नवी नाही. यलो फीव्हरसाठी जागतिक आरोग्य संघटनेची पिवळी पुस्तिका कितीतरी वर्षं चालते आणि आजही चालते. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांतून भारतात येताना ती लागतेच. पण ती कागदी. शिक्का आणि सही एवढाच पुरावा. कोट्यवधी लोकांची तपासणी करायची आणि बनावट कागद रोखायचे, तर ते पुरेसं नव्हतं.

म्हणून कोविनच्या सर्टिफिकेटवर क्यूआर कोड आला. अनेकांना वाटतं की क्यूआरमध्ये एक लिंक असते आणि ती सरकारच्या सर्व्हरवर जाऊन खरं-खोटं बघते. तसं नव्हतं. माहिती त्या कोडच्या आतच भरलेली होती: नाव, वय, ओळखपत्राचा नंबर, कोणती लस, कधी, कुठे. आणि त्याच्याबरोबर एक डिजिटल सही. यामागचं सॉफ्टवेअर 'डिव्हॉक' नावाचं, ओपन सोर्स, भारतातच बनलेलं.

डिजिटल सही म्हणजे काय? समजा, सरकारकडे एक शिक्का आहे जो फक्त त्यांच्याच तिजोरीत असतो. त्या शिक्क्याची खासियत अशी की तो प्रत्येक मजकुरावर वेगळा उमटतो. मजकुरातलं एक अक्षर बदललं तर ठसा पूर्ण वेगळा. आणि ठसा तपासायचं भिंग मात्र सगळ्यांना फुकट वाटलेलं आहे. भिंगाने ठसा तपासता येतो, पण उमटवता येत नाही. तिजोरीतला शिक्का ही 'प्रायव्हेट की', आणि वाटलेलं भिंग ही 'पब्लिक की'. त्यामुळे फोटोशॉपमध्ये तारीख बदलून छापलेलं सर्टिफिकेट डोळ्यांना खरं वाटलं, तरी स्कॅन केलं की उघडं पडतं.

इथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. एक, सही म्हणजे गुपित नव्हे. कोडमधली माहिती भिंग नसतानाही वाचता येते. म्हणूनच मे २०२१ मध्ये गृह मंत्रालयाच्या 'सायबर दोस्त'ने सांगितलं होतं की लसीचं सर्टिफिकेट सोशल मीडियावर टाकू नका. आमच्या गावात तेव्हा निम्म्या लोकांच्या स्टेटसला तेच होतं. दुसरी गोष्ट, सही फक्त एवढंच सांगते की मजकूर दिल्यापासून बदललेला नाही. मजकूर बरोबर आहे असं ती सांगत नाही. लसीकरण केंद्रावर नाव चुकीचं टाकलं असेल, तर ती सही त्या चुकीच्या नावाचीच पक्की साक्षीदार.

चूक सुधारायची सोय कोविनवर होती. जून २०२१ च्या शेवटी सर्टिफिकेटला पासपोर्ट नंबर जोडायचीही सोय आली. पण नावाची दुरुस्ती एकदाच करता येत होती. घाईत दुसरी चूक केली की संपलं.

पुण्याची लस, लंडनचा प्रश्न

सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनने नवे नियम जाहीर केले आणि आपल्याकडे एकच ओरड झाली. ऑक्सफर्ड-अॅस्ट्राझेनेकाची लस त्यांना चालते, पण तीच लस पुण्याच्या सीरममध्ये कोविशिल्ड म्हणून बनली की चालत नाही? त्याच वर्षी सीरमच्या लाखो डोसेसची खेप ब्रिटनने स्वतःच्या लोकांसाठी नेली होती, त्यामुळे चिडणं साहजिक होतं. २२ सप्टेंबरला ब्रिटनने यादीत कोविशिल्डचं नाव घातलं. आणि तरीही भारतात लस घेतलेला माणूस त्यांच्या लेखी लस न घेतलेलाच राहिला!

कारण त्यांचा मुद्दा आता लसीवर नव्हता, सर्टिफिकेटवर होता. लस मान्य, पण ती लस याच माणसाने घेतली हे सांगणारा कागद मान्य नाही. बोलणी सुरू झाली आणि एक साधी गोष्ट पुढे आली: ब्रिटनला सर्टिफिकेटवर पूर्ण जन्मतारीख हवी होती. कोविनने नोंदणी करताना फक्त जन्माचं वर्ष विचारलं होतं आणि सर्टिफिकेटवर नुसतं वय छापलं होतं.

मला वाटतं, कोविन बनवणाऱ्यांची ही चूक म्हणता येणार नाही. शंभर कोटींच्या वर लोकांची नोंदणी करायची होती. त्यात आपल्या कितीतरी आजी-आजोबांची जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. आधारवर नुसतं वर्ष. आणि ज्यांची तारीख कागदावर आहे त्यांची तरी कुठे खरी? महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची संख्या बघा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय मोजून १ जून टाकला आणि तोच पुढे पासपोर्टपर्यंत गेला. देशातल्या लसीकरणासाठी वय पुरेसं होतं. परदेशातल्या अधिकाऱ्याला मात्र पासपोर्टच्या दुसऱ्या ओळीतल्या तारखेशी जुळवायला तारीखच लागते. एक रकाना कमी होता, आणि त्यावरून दोन देशांत तणाव.

मग परदेशी जाणाऱ्यांच्या सर्टिफिकेटवर पूर्ण जन्मतारीख छापायची सोय कोविनवर केली गेली. दरम्यान भारताने जशास तसं म्हणून ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना दहा दिवस क्वारंटाइन आणि तीन चाचण्या लावल्या, लस घेतलेली असली तरी. ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने भारताचं सर्टिफिकेट मान्य केलं आणि १३ तारखेला भारतानेही आपली अट मागे घेतली.

युरोपात वेगळीच तऱ्हा. १ जुलै २०२१ पासून युरोपीय संघाचं डिजिटल सर्टिफिकेट सुरू झालं. त्यातही क्यूआर आणि डिजिटल सहीच, पण माहिती भरायची पद्धत कोविनपेक्षा वेगळी. जर्मनीतल्या हॉटेलच्या ॲपला कोविनचा कोड दाखवला, तर खोटा आहे असंही तो सांगत नसे, त्याला तो वाचताच येत नसे. दोघांकडे उत्तम कुलपं होती, पण एकमेकांची भिंगं नव्हती. वर युरोपच्या औषध नियामकाने परवानगी दिलेली होती 'व्हॅक्सझेव्हरिया' या नावाला, कोविशिल्डला नाही. त्यामुळे जर्मनी, स्पेन, स्वित्झर्लंडसारख्या देशांनी कोविशिल्ड आपापल्या पातळीवर मान्य केली. कोवॅक्सिन घेतलेल्यांना तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेसाठी ३ नोव्हेंबर २०२१ पर्यंत वाट बघावी लागली.

७२ तास कुठून मोजायचे?

चाचणीची मुदत हा आणखी एक सापळा. भारतात येताना प्रवासाच्या आधी ७२ तासांतली आरटी-पीसीआर लागायची. मुंबईत राहणाऱ्याला ७२ तास भरपूर वाटतात. नशिराबादसारख्या ठिकाणाहून जाणाऱ्याला जळगावला जाऊन नमुना द्यायचा, रिपोर्टची वाट बघायची, मग सव्वाचारशे किलोमीटर मुंबई, मग विमानतळावर चार तास आधी. आखातात जाणाऱ्यांचं याहून कठीण. २०२१ च्या ऑगस्टपासून दुबईला जाताना ४८ तासांतली, क्यूआर कोड असलेली चाचणी लागायची, आणि शिवाय विमानतळावरच उड्डाणाच्या काही तास आधी रॅपिड पीसीआर. पहिली निगेटिव्ह आणि विमानतळावरची पॉझिटिव्ह आली, तर बॅगा घेऊन घरी.

अमेरिकेने ६ डिसेंबर २०२१ पासून 'एक दिवस' आधीची चाचणी मागितली, आणि मुद्दाम '२४ तास' म्हटलं नाही. विमान रात्री ११ चं असेल, तर आदल्या दिवशी सकाळी ८ ची चाचणीही चालते. हा फरक माहीत नसल्यामुळे लोक मध्यरात्री लॅब शोधत फिरले.

अमेरिकेची मुख्य अडचण मात्र वेगळी होती. ४ मे २०२१ पासून, आधीच्या १४ दिवसांत भारतात राहिलेल्या परदेशी माणसाला तिथे प्रवेश नव्हता. अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डवाले सुटले, विद्यार्थ्यांनाही सूट मिळाली. अडकले ते एच-१बी वाले, जे आजारी आई-वडिलांना बघायला गावी आले होते. नोकरी, घर, गाडीचे हप्ते तिकडे आणि माणूस इकडे. नियमाची शब्दरचना बघा: 'भारतीय' नव्हे, 'भारतात राहिलेला'. त्यामुळे काहीजण तिसऱ्या देशात जाऊन १४ दिवस हॉटेलात काढायचे आणि तिथून अमेरिकेला जायचे. ८ नोव्हेंबर २०२१ ला ही बंदी उठली आणि जागी लसीची अट आली, ती मे २०२३ पर्यंत राहिली.

आपल्याकडे येणाऱ्यांसाठी ऑगस्ट २०२० पासून 'एअर सुविधा' पोर्टल होतं. फॉर्म भरायचा, रिपोर्ट आणि पासपोर्ट अपलोड करायचा. कल्पना चांगली होती, कारण विमानतळावर कागद हाताळावे लागत नव्हते. पण न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाकडे सहा महिने राहून परतणाऱ्या सत्तर वर्षांच्या आजोबांनी हा फॉर्म मोबाईलवर भरावा, ही अपेक्षा जरा जास्तच होती. भरायचा मुलगाच, नाहीतर शेजारचा कुणी. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद झालं. चीन आणि आणखी पाच ठिकाणांहून येणाऱ्यांसाठी १ जानेवारी २०२३ ला परत आलं आणि फेब्रुवारीत पुन्हा गेलं.

आता तुमच्या घरातले कागद काढा

आज यातलं लसीचं आणि चाचणीचं काही लागत नाही. पण टिमॅटिक आहे, काउंटर आहे, आणि पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळी आहेत. २०२३ पासून जागतिक आरोग्य संघटनेनेही युरोपच्याच पद्धतीवर आधारलेलं, देशोदेशींची 'भिंगं' एकत्र ठेवणारं जाळं उभारायला घेतलं आहे. पुढच्या वेळी, कारण काहीही असो, तपासणी याच वाटेने होणार.

घरातलं कुणी बाहेर जाणार असेल, तर आधी पासपोर्ट समोर ठेवा आणि त्याच्याशी बाकीचे कागद अक्षराला अक्षर लावून बघा. आधार, मार्कशीट, लग्नाचा दाखला, विद्यापीठाचं पत्र, तिकीट. तिकिटावर आडनाव आणि नाव उलट झालं असेल तर बुकिंगच्या दिवशीच सांगा, काउंटरवर नाही. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा ठेवून सगळं नाव एकाच रकान्यात टाकलेलं असेल तर तो आत्ताच दुरुस्त करून घ्या, त्यावरून व्हिसा नाकारणारे देश आहेत. लॅब असो की लसीकरण केंद्र, नाव तोंडी सांगू नका. पासपोर्टचं पान पुढे करा आणि टाईप करणाऱ्याच्या शेजारी उभं राहून स्क्रीन बघा. तो वैतागेल, वैतागू द्या.

आतेभावाने दुसऱ्यांदा तेच केलं. विमान चार दिवसांनी मिळालं. पहिल्या चाचणीची मुदत गेली होती, म्हणून नवी चाचणी. तारीख बदलली म्हणून ब्रिटनचा पॅसेंजर लोकेटर फॉर्म नव्याने. पोचल्यावर दुसऱ्या आणि आठव्या दिवशी करायच्या चाचण्यांचं बुकिंग नव्याने. तिकिटाचा फरक भरला तो वेगळाच. पोचल्यावर दहा दिवस खोलीत बसून राहिला, आणि पहिल्या आठवड्याचे तास त्याने लॅपटॉपवर केले.

आत्याने मात्र त्यानंतर एक काम केलं. घरातल्या सगळ्यांचे आधार, पासपोर्ट आणि दाखले एका दुपारी चटईवर मांडले आणि धाकट्या मुलीला स्पेलिंगं वाचायला बसवलं. चौघांच्या घरात चौधरीची तीन स्पेलिंगं निघाली.